शिमानामी काइदो सायकलवरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला जायचं ठरलं, तोक्यो-क्योतो-हिरोशिमा आखून झालं, की सायकल चालवणाऱ्या मंडळींचा हमखास मेसेज येतो: "ते समुद्रावरच्या पुलांवरून सायकल चालवतात, ते कुठं?" ते इथं, शिमानामी काइदोवर. पुढचा प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, "एका दिवसात होतं ना?" होतं. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: दोन दिवस द्या. का, ते खाली येईलच.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

होन्शू बेटावरच्या ओनोमिची गावापासून शिकोकू बेटावरच्या इमाबारी शहरापर्यंत. ओनोमिची हिरोशिमा प्रांतात, इमाबारी एहिमे प्रांतात. मध्ये सेतोचा अंतर्गत समुद्र आणि त्यात ओळीनं सहा मोठी बेटं: मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचीजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा आणि ओशिमा. ही बेटं जोडणारी पुलांची साखळी १ मे १९९९ रोजी पूर्ण झाली. सायकलचा मार्ग सुमारे ७० किलोमीटरचा आहे. मोटारींच्या महामार्गापेक्षा तो लांब पडतो, कारण मोटारी बेटांच्या मधून सरळ निघून जातात आणि सायकलवाला प्रत्येक बेटावर खाली उतरून किनाऱ्यानं फिरतो. पूल आला की वर चढायचं, पलीकडच्या बेटावर उतरायचं, पुन्हा किनारा धरायचा. सगळा प्रवास या लयीत चालतो.

पुलावर सायकल खरंच सोडतात? गाड्यांच्या मधून जावं लागतं का?

वांद्रे-वरळी सी लिंक आणि अटल सेतूवर सायकलला मज्जाव असल्यामुळे मुंबईकरांना हे पटायला वेळ लागतो. इथे पूल बांधतानाच सायकल आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका ठेवली आहे. होन्शू आणि शिकोकू जोडणारे पुलांचे तीन मार्ग आहेत. त्यांपैकी १९८८ चा सेतो ओहाशी आणि १९९८ चा आकाशी कैक्योचा पूल सायकलला बंद आहेत. तिन्हींत सायकलवरून पार होता येतं ते फक्त शिमानामीनं.

पुलावर मोटारी आणि तुम्ही यांच्यात कठडा असतो. मात्र १२५ सीसीपर्यंतच्या छोट्या मोटरसायकलींना या मार्गिकांवर परवानगी आहे, त्यामुळे मागून फटफट ऐकू आली तर दचकू नका, डावीकडे राहा. बेटांवर मात्र बराचसा रस्ता नेहमीच्या वाहतुकीचाच आहे. वाहनं कमी, चालक संयमी. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न न वाजवता वाट बघत राहतो याची सवय व्हायला आपल्याला थोडा वेळ लागतो.

टोल?

पूर्वी सगळे पूल मिळून ५०० येन होता. २०१४ पासून सायकलींना माफ आहे आणि त्या सवलतीला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या. काही पुलांवर टोलची जुनी पेटी आणि पाटी दिसते, ती बघून गोंधळू नका.

माझं वय पंचावन्न आहे, गुडघे जरा कुरकुरतात. चढ झेपतील का?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर नीटच देतो. पूल समुद्रापासून उंच आहेत, कारण खालून मोठी जहाजं जातात. म्हणून प्रत्येक पुलाआधी चढ असणारच. पण सायकलचा चढरस्ता वेगळा बांधला आहे आणि तो वळणं घेत साधारण तीन टक्के उतारानं वर जातो, सहसा एखादा किलोमीटर. तीन टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर तीन मीटर वर. पुण्याहून जुन्या कात्रज घाटानं बोगद्यापर्यंत सायकल नेणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. आणि रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यपर्यंतच सायकल नेणाऱ्यालाही गिअर हलका टाकून, न बोलता चढता येईल. दम लागला तर उतरून ढकला.

थकवा येतो तो चढामुळे नाही, चढांच्या संख्येमुळे. पहिले दोन पूल हसतखेळत होतात. चौथ्या-पाचव्याला मांड्या हिशेब मागायला लागतात. त्यात वारा समोरून असेल तर सपाट पुलावरही गिअर खाली आणावा लागतो. तयारी म्हणून दोन-अडीच महिने आठवड्यातून एकदा ४०-५० किलोमीटरची फेरी आणि त्यात एखादा घाट, एवढं पुरे. गुडघ्यांची खरी काळजी सीटच्या उंचीत आहे. भाड्याची सायकल घेताना बहुतेक जण सीट खालीच ठेवतात, पाय टेकायला बरं म्हणून, आणि संध्याकाळी गुडघा धरून बसतात. पॅडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. दुकानातून बाहेर पडायच्या आधीच सीट लावून घ्या.

हे सगळं नको असेल तर बॅटरीवाली सायकल मिळते.

एका दिवसात होतं का?

ताशी १५ किलोमीटरनं पाच तास पॅडल मारलं की ७० किलोमीटर होतात. थांबे, जेवण, फोटो धरले तर आठ-नऊ तास. सकाळी सातला निघालात तर दिवसाउजेडी इमाबारीत पोहोचाल. त्यामुळे "होतं" हे खरंच आहे.

पण असं जाणाऱ्याला रस्त्याच्या कडेची, वाट दाखवणारी निळी रेघ आणि पुढच्याची पाठ यांपलीकडे फारसं काही दिसत नाही. पूल भव्य आहेत, पण त्यांच्यावर तुम्ही दहा-वीस मिनिटं असता. उरलेला सगळा वेळ बेटांवर जातो आणि बघण्यासारखं तिथंच आहे: संत्र्या-लिंबांच्या बागा, जहाजबांधणीचे कारखाने, देवळं, म्हाताऱ्यांची शांत गावं. मधल्या इकुचीजिमावर सेतोदा नावाचं गाव आहे. ते ओनोमिचीपासून साधारण ३० किलोमीटरवर येतं. तिथं किंवा पुढं ओमिशिमावर मुक्काम केला की दोन्ही दिवस सुटसुटीत होतात आणि वाटेत कुठेही वळायची मुभा राहते. विमानाची तिकिटं काढून जपानला जायचं आणि एक रात्र वाचवण्यासाठी हे सोडून द्यायचं, हा व्यवहार मला कधी समजलेला नाही.

सुरुवात ओनोमिचीकडून करावी की इमाबारीकडून?

बहुतेक लोक ओनोमिचीहून निघतात, कारण ते हिरोशिमा, ओसाकाच्या वाटेवर पडतं. तसं केलं तर सर्वांत मोठा, कुरुशिमा सामुद्रधुनीवरचा पूल शेवटी येतो. दुसरी बाजूही ऐकून घ्या. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. इमाबारीहून निघालात तर इकुचीजिमा आणि इन्नोशिमाच्या किनाऱ्यावर समुद्र तुमच्या डाव्या हाताला, अगदी लगत राहतो. उलट दिशेनं तोच समुद्र रस्त्यापलीकडे जातो. शिवाय ताज्या पायांनी सर्वांत लांब पूल होऊन जातो आणि शेवट ओनोमिचीसारख्या रंगतदार गावात होतो. वेळापत्रक दोन्हीकडून जमत असेल तर मी इमाबारीचं नाव घेईन. त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज मात्र दिशा ठरवण्याआधी बघा.

ओनोमिचीचा पहिला पूल सोडून सगळे बोटीनं का जातात?

ओनोमिची आणि मुकाइशिमा यांच्यात समुद्र नदीएवढाच रुंद आहे. तिथल्या जुन्या पुलावर रस्ता अरुंद, वाहनं दाट आणि सायकलला वेगळी जागा नाही. फेरीबोट पाच मिनिटांत पलीकडे सोडते, भाडं किरकोळ असतं. शाळेची मुलं, भाजी घेऊन निघालेल्या आजी आणि हेल्मेटवाले पर्यटक एकाच फळीवर उभे असतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत सायकल चढवलेल्यांना वेगळं काही शिकावं लागणार नाही. सुटे पैसे हाताशी ठेवा.

सायकल भाड्यानं घ्यावी की स्वतःची न्यावी?

फक्त शिमानामीसाठी जाणार असाल तर भाड्यानं घ्या. वाटेवरच्या गावांत सार्वजनिक भाडेकेंद्रं आहेत. एका केंद्रावर घेतलेली साधी सायकल दुसऱ्या केंद्रावर देता येते, म्हणजे परत ओनोमिचीला यायची गरज नाही. मात्र त्याचे वेगळे पैसे पडतात का, ते घेतानाच विचारा.  बॅटरीवाल्या सायकली सगळीकडे परत घेत नाहीत, त्यांचा नियम घेतानाच विचारा. वसंतात आणि शरदात, विशेषतः शनिवार-रविवारी, आधी आरक्षण केलं नाही तर बास्केटवाली जड सायकल वाट्याला येते. केंद्रं संध्याकाळी लवकर बंद होतात, हे परत करताना ध्यानात असू द्या.

चांगली हलकी रोड बाइक हवी असेल तर ओनोमिची आणि इमाबारी दोन्हीकडे जायंट कंपनीची दुकानं आहेत. भाडं जास्त, पण सायकलीत फरक पडतो. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर नीट मापाची सायकल मिळणं इथं सोपं आहे. सहा फुटांवरच्यांनी आधीच कळवावं.

स्वतःची सायकल नेणाऱ्यांसाठी एकच सूचना: जपानी रेल्वेत सायकल उघडी चालत नाही. चाकं काढून ती पूर्ण झाकणाऱ्या पिशवीत घालावी लागते. जपानी लोक त्याला 'रिन्को' म्हणतात आणि फलाटावर पाच मिनिटांत उरकतात. आपण घरी दोन-तीनदा करून बघितलेलं बरं, कारण मागचं चाक काढताना चेन हात काळे केल्याशिवाय राहत नाही.

रस्ता चुकलो तर?

रस्त्याच्या कडेला निळी रेघ रंगवलेली आहे, ओनोमिचीपासून इमाबारीपर्यंत. ठरावीक अंतरावर रेघेशेजारी पुढचं ठिकाण आणि उरलेले किलोमीटर लिहिलेले असतात. पुलाच्या चढाकडे वळायचं तिथं बाण आणि पाटी असते. मोबाइलचा नकाशा बंद ठेवला तरी चालतं. तसा तो बंदच ठेवलेला बरा, कारण नकाशा कधीकधी जवळची वाट म्हणून बेटाच्या मधल्या डोंगरावर चढवतो.

पुलांपैकी कुठं थांबावं?

सगळे पूल वेगवेगळ्या जातीचे आहेत, ही यातली गंमत.

इन्नोशिमाचा पूल १९८३ चा, झुलता. इथं सायकलची वाट मोटारींच्या रस्त्याच्या खाली आहे. दोन्ही बाजूंना जाळी, डोक्यावर पोलाद, आणि वरून गाड्या गेल्या की सांध्यांवरून धडधड ऐकू येते. फोटो चांगले येत नाहीत, म्हणून लोक भराभर निघून जातात. मला हा पूल आवडतो. पुलाच्या पोटातून जायला दुसरीकडे कुठं मिळतं?

इकुचीचा पूल १९९१ चा, तिरप्या तारांचा. त्याच जातीचा, पण फार मोठा पूल म्हणजे तातारा, इकुचीजिमा आणि ओमिशिमा यांच्यामधला. १९९९ मध्ये तो झाला तेव्हा ८९० मीटरचा त्याचा मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, या प्रकारच्या पुलांत जगात सर्वांत लांब होता. आधी इथंही झुलता पूल बांधायचं चाललं होतं. झुलत्या पुलाच्या मुख्य तारा पकडून ठेवायला दोन्ही टोकांना काँक्रीटचे प्रचंड ठोकळे लागतात आणि त्यासाठी बेटाचा डोंगर कापावा लागला असता. तिरप्या तारा थेट मनोऱ्यावर ताणल्या जातात, ठोकळे लागत नाहीत. म्हणून आराखडा बदलला. पुलावरून जाताना दोन्ही टोकांची हिरवी टेकडी जवळजवळ रस्त्याला टेकलेली दिसते, ती त्यामुळे.

तातारावर सुमारे २२० मीटर उंच मनोऱ्याच्या पायाशी सायकल उभी करा. तिथं टाळी वाजवून बघायची पाटी आहे, आपटायला लाकडी ठोकळेही ठेवलेले असतात. टाळी वाजवली की आवाज मनोऱ्याच्या दोन पायांमध्ये आपटत आपटत वर चढतो. एकच टाळी, पण ती टर्रर्र करत लांब जाते. जपानी लोक याला ड्रॅगनचं रडणं म्हणतात. मोठी माणसंही इथं रांग लावून टाळ्या वाजवतात. याच पुलाच्या मध्यावर हिरोशिमा प्रांत संपून एहिमे सुरू होतो, ती सीमा मार्गिकेवर रंगवली आहे. एक चाक इकडे, एक चाक तिकडे असा फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा.

ओमिशिमाचा कमानी पूल १९७९ चा, ओनोमिचीचा जुना पूल सोडला तर या मार्गावरचा सर्वांत जुना. छोटा आहे, चटकन संपतो. हाकाता-ओशिमाचा १९८८ चा.

आणि शेवटी कुरुशिमा कैक्यो. एकापुढे एक जोडलेले तीन झुलते पूल, मिळून सुमारे चार किलोमीटर. वर वारा असतोच. मध्यावर थांबून खाली बघा. पाणी सरळ वाहत नाही, भोवरे घेत उकळतं. भरती-ओहोटीला या सामुद्रधुनीत प्रवाहाचा वेग दहा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १८ किलोमीटरपर्यंत जातो. त्यामुळे इथं जहाजांचा नियमच उफराटा आहे. प्रवाह पाठीशी असेल तर मधली वाट घ्यायची, समोरून असेल तर पश्चिमेची. म्हणजे प्रवाह फिरला की जहाजांची डावी-उजवी बाजूही फिरते. किनाऱ्यावरच्या संकेतफलकांवर प्रवाहाची दिशा आणि वेग सतत दाखवतात. अर्धा तास थांबलात तर एखादं मालवाहू जहाज प्रवाहाशी झगडत तुमच्या पायाखालून जाताना नक्की दिसेल. इमाबारीच्या बाजूला पूल संपला की उतार गोल गोल फिरत खाली येतो. तिथं ब्रेकवर बोट ठेवा, चढून येणारेही त्याच वाटेवर असतात.

बेटांवर काय बघायचं? सगळंच बघायला वेळ नाही.

मग निवडा. माझी निवड सांगतो.

सेतोदाचं कोसान्जी देऊळ चुकवू नका. ओसाकाच्या एका पोलादी नळ्यांच्या कारखानदारानं आईच्या स्मरणार्थ १९३६ पासून ते उभारायला घेतलं. जपानभरच्या प्रसिद्ध देवळांच्या वास्तू त्यानं इथं हुबेहूब करून घेतल्या, सगळं भडक, झगझगीत. रसिक नाक मुरडतात. मागच्या टेकडीवर शिल्पकार कुएतानी इत्तो यांनी इटलीच्या काराराहून आणलेल्या पांढऱ्या संगमरवराचं एक आख्खं उद्यान केलं आहे. दुपारच्या उन्हात तिथं गॉगल लागतोच. देवळाला लागूनच चित्रकार हिरायामा इकुओ यांचं संग्रहालय आहे. ते याच गावचे, १९३० चा जन्म. शाळकरी वयात हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचले आणि पुढे आयुष्यभर बुद्ध आणि रेशीम मार्ग रंगवत राहिले. २००१ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला होता. पाय दुखत असताना त्यांच्या चित्रांतल्या उंटांच्या तांड्यासमोर बसणं फार बरं वाटतं.

ओमिशिमावर ओयामाझुमी देऊळ आहे, अंगणात प्रचंड जुना कापराचा वृक्ष. योद्धे इथं युद्धानंतर चिलखतं वाहायचे, त्यामुळे संग्रहालयात सामुराईंच्या चिलखतांचा आणि तलवारींचा खजिना आहे. पण हे निळ्या रेघेवर नाही. बेटाच्या पश्चिमेला, टेकडी ओलांडून जावं लागतं. एका दिवसात जाणारे ते सोडतात, हे ओघानं आलंच.

ओशिमावर मुराकामी घराण्याचं संग्रहालय आहे, मियाकुबो गावात. जपानी लोक त्यांना समुद्री चाचे म्हणतात, पण लूटमार हे त्यांचं अर्धंच चित्र. या खळाळत्या वाटांची माहिती त्यांनाच होती. जहाजांकडून पैसे घ्यायचे, वाट दाखवायची, आणि आपल्या चिन्हाचा बावटा द्यायचा, म्हणजे पुढे कुणी अडवत नसे. कान्होजी आंग्र्यांच्या दस्तकांबद्दल, म्हणजे जहाजांना दिलेल्या परवान्यांबद्दल, वाचलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. इंग्रजांनी आंग्र्यांनाही चाचेच म्हटलं होतं. मुराकामींचा हा कारभार जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं १५८८ मध्ये बंदी घालून मोडला. समोरच्या नोशिमा या चिमुकल्या बेटावर त्यांचा गड होता. त्याच्या भोवतीच्या प्रवाहात फिरवून आणणारी बोट मियाकुबोहून सुटते. सायकल लावून जा.

पायांत जोर उरला असेल तर ओशिमावरच्या किरोसान टेकडीवर चढा. ३०० मीटरच्या वर उंची आहे आणि हा चढ पुलांसारखा सौम्य अजिबात नाही. वरचा सज्जा वास्तुविशारद केंगो कुमा यांनी १९९४ मध्ये असा बांधला की खालून तो दिसतच नाही, टेकडीत पुरलेला आहे. कुरुशिमाचे तिन्ही पूल एका नजरेत दिसतात ते इथून.

मी शाकाहारी आहे. खाण्याचं काय?

खरं सांगायचं तर हाल होतात, पण उपाशी राहत नाही. अडचण मासे दिसतात तिथं नाही, दिसत नाहीत तिथं आहे. उदोन आणि सोबा या शेवया, भाजीची वाटी, सगळ्यांच्या रश्शात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. ओनोमिचीच्या प्रसिद्ध रामेनवर, म्हणजे रश्शातल्या शेवयांवर, डुकराच्या चरबीचे तुकडे तरंगतात. "भाज्या फक्त" म्हटलं तर हसून "हो" म्हणतात आणि तोच रस्सा येतो. म्हणून मासे, मांस आणि माशाचा रस्सा चालत नाही, असं जपानीत लिहिलेला कागद खिशात ठेवा. दुकानांत ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, आत उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ घातलेला, शिवाय केळी, दही, सुकामेवा मिळतो. घरून थेपले, मेतकूट, चिवडा, खाकरे न्या. चिवड्यावर जपानी सायकलस्वार तुटून पडतात, तेव्हा जास्तीचा न्या.

गोडाच्या बाबतीत चिंता नको. इन्नोशिमा हे हास्साकू नावाच्या संत्र्याचं मूळ गाव. तांदळाच्या मऊ पारीत पांढरं बीनचं पुरण आणि मध्ये त्या आंबट-कडवट संत्र्याची फोड, असा दाइफुकू तिथं मिळतो. पुरण आणि पारी म्हटल्यावर आपल्याला आणखी काय सांगायचं! सेतोदाला लिंबाचं जेलातो म्हणजे इटालियन पद्धतीचं आइसक्रीम, हाकाताला तिथल्या मिठाचं आइसक्रीम. बागांच्या कडेला लाकडी फळ्यांवर संत्र्यांच्या पिशव्या मांडलेल्या असतात, शेजारी नाण्यांचा डबा. विकणारं कुणी नसतं. पैसे टाकायचे, पिशवी घ्यायची.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. ताइ माशाचा भात, ऑक्टोपस, आणि इमाबारीत लोखंडी तव्यावर दाबून भाजलेली कोंबडी.

एक लक्षात ठेवा, बेटांवरची छोटी हॉटेलं दुपारी दोननंतर बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतीलच असं नाही. दिसलं की खाऊन घ्या.

मुक्काम आणि सामान?

ओनोमिचीत जुन्या गोदामाचं केलेलं यू-टू नावाचं संकुल आहे. तिथल्या हॉटेलात सायकल खोलीत नेता येते. बेटांवर मिन्शुकु म्हणजे घरगुती खानावळीसह खोल्या मिळतात. रात्रीचं जेवण आधी सांगितलं तरच मिळतं. मोठी बॅग पाठीवर बांधून नेऊ नका. जपानमध्ये हॉटेलातून हॉटेलात सामान पाठवायची कुरिअर सेवा उत्तम आहे. बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते. म्हणजे दोन दिवसांच्या प्रवासात ती तुमच्या आधी नाही तर बरोबरच इमाबारीत असते. एका रात्रीचे कपडे, औषधं, चार्जर तेवढा सोबत घ्या.

कोणत्या महिन्यात जावं?

मार्चअखेर ते मे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते जुलैचा मध्य हा पावसाळा. ऑगस्ट-सप्टेंबरात दमट उकाडा आणि वादळांची टांगती तलवार. हिवाळ्यात पाऊस कमी, संत्री-लिंबांचा हंगाम जोरात, पण पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि पुलावरचा वारा बोटं बधिर करतो. पूर्ण बोटांचे हातमोजे असतील तर डिसेंबरही वाईट नाही. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानी सुट्ट्या असतात, तेव्हा सगळं भरलेलं असतं.

सायकलचे नियम कडक आहेत का?

आपल्या मानानं फार. सायकल चालवताना फोन हातात दिसला किंवा दारू पिऊन चालवलीत तर नोव्हेंबर २०२४ पासून दंडच नाही, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. दुपारच्या जेवणाबरोबरची बिअरसुद्धा यात आली. दिवे अंधारात सक्तीचे. हेल्मेट घालावं असा २०२३ पासून कायदा सांगतो, न घातल्यास दंड नाही, पण पुलावरच्या वाऱ्यात टोपी टिकणारही नाही. दोघांनी शेजारीशेजारी गप्पा मारत चालवणं चालत नाही. ग्रुपनं जाणाऱ्यांना हेच सर्वांत जड जातं.

पंक्चर झालं किंवा पाऊस आला तर?

वाटेत ठिकठिकाणी 'सायकल ओअॅसिस' अशी पाटी लावलेली घरं, दुकानं, खानावळी दिसतात. तिथं पंप, पाणी, स्वच्छतागृह वापरू देतात आणि बसायला जागा असते. भाड्याची सायकल असेल तर केंद्राचा फोन नंबर निघतानाच घेऊन ठेवा. आणि सोडून द्यावंसं वाटलं तर सेतोदाहून ओनोमिचीला सायकल घेणारी बोट आहे, साधारण पाऊण तासात पोहोचवते. संध्याकाळच्या फेऱ्या मोजक्याच, तेव्हा वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

मुलांना घेऊन जाता येईल का?

येईल, पण पूर्ण मार्गाचा हट्ट धरू नका. ओनोमिचीहून बोटीनं सेतोदाला जा, तिथं लहान मुलांच्या मापाची सायकल घ्या, समुद्रकिनाऱ्यानं तातारा पुलापर्यंत जा, टाळ्या वाजवा, जेलातो खा आणि परत या. दहा वर्षांच्या मुलाला एवढा दिवस भरपूर होतो.

पोहोचायचं कसं?

ओसाका किंवा हिरोशिमाकडून बुलेट ट्रेननं फुकुयामा, तिथून साध्या लोकलनं वीस मिनिटांत ओनोमिची. शिन-ओनोमिची नावाचं बुलेट ट्रेनचं स्थानक आहे, पण ते गावापासून लांब पडतं आणि तिथं गाड्याही कमी थांबतात. फुकुयामाच बरं. दुसऱ्या टोकाला इमाबारीहून रेल्वेनं मात्सुयामा गाठता येतं. तिथल्या दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसायचं असेल तर संध्याकाळ तिथं ठेवा. भारतात राहणाऱ्या भारतीयांना पर्यटनासाठी आता ई-व्हिसा मिळतो.

शिमानामी झालं, हातात आणखी एक दिवस आहे. काय करावं?

इन्नोशिमाहून छोट्या फेरीबोटीनं ओलांडून युमेशिमा काइदोला जा. इकिना, साशिमा, युगे आणि इवागी अशी चार बेटं आहेत. इवागीचा पूल २०२२ मध्ये झाला आणि चारही जोडली गेली. शिमानामीवर शनिवारी जी गर्दी असते, तिचा इथं मागमूस नसतो. पुढच्या वेळी कुरे शहराच्या बाजूनं तोबिशिमा काइदो करा. तोही बेटांवरून पुलांनी जातो, शेवटच्या ओकामुरा बेटाहून इमाबारीची बोट मिळते. दुकानं मात्र दोन्हीकडे फार कमी आहेत, तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरून आणि चिवडा राखून निघा.